कानांची जागल

वायरचे स्टुडिओ हेडफोन घ्यावेत की स्वस्तातले बिनवायरचे इअरबड्स, हा प्रश्न आता चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घरांतही जेवताना निघतो. मुलांचे मत आधीच ठरलेले असते. हजार-बाराशेत चिमुकल्या डबीतली दोन बोंडे मिळतात, वायर लोंबत नाही, गुंता होत नाही. मग दुप्पट-तिप्पट पैसे मोजून ते धूड डोक्यावर कशाला चढवायचे? प्रश्न वरवर किमतीचा दिसतो. मला तो त्याहून मोठा वाटतो.

आधी हिशेब. आयुष्य बँकेत गेल्यामुळे वस्तूची किंमत ऐकली की मला तिचा घसारा आठवतो. इअरबडमधली बॅटरी शेंगदाण्याएवढी. ती रोज भरायची, रोज रिकामी करायची. दोन-तीन वर्षांत तिचा जोर ओसरतो. स्वस्त मालात ती बदलण्याची सोय सहसा नसते, म्हणजे बॅटरी संपली की वस्तू संपली. वायरच्या साध्या स्टुडिओ हेडफोनला बॅटरीच लागत नाही. कानावरच्या गाद्या फाटल्या तर नव्या बसतात, कित्येक नमुन्यांत वायरही बदलता येते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन १९९१ साली आला, तो आजही विकला जातो. नव्या फोनना वायर खोचायची जागा नसते ही अडचण खरी, पण छोट्याशा जोडणीने ती सुटते.

दुसरा मुद्दा कामाचा. दिवाळीनंतर आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचे केंद्र. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत गाणी आणि वाद्ये प्रेक्षकांसमोर जिवंत वाजतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा गाण्यांच्या मुलखातली मुले आता घरच्या संगणकावर चाली बांधतात, ध्वनिमुद्रण करतात. त्यांनी तरी बिनवायरच्या नादी लागू नये. ब्लूटूथ आवाज आधी दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो, मग पुन्हा उलगडतो. या खटाटोपात सेकंदाचा साधारण दहावा ते पाचवा भाग निघून जातो. सिनेमा पाहताना फोन चित्रही तेवढेच थोपवून ही चोरी झाकतो. पण बोट आत्ता पडले आणि ठेका मागाहून ऐकू आला, तर वाजवणारा लय राखणार कशी? शिवाय स्वस्त इअरबड्स बहुधा खर्ज फुगवून ऐकवतात. चांगला स्टुडिओ हेडफोन आवाज जवळपास आहे तसा ऐकवतो, त्यातल्या चुकांसकट. शिकणाऱ्याला तेच हवे असते.

पण माझे खरे म्हणणे याच्या पुढचे आहे. वायरचा जो दोष म्हणून सांगतात, तोच मला तिचा गुण वाटतो. वायर माणसाला एका जागी बसवते, दाव्याला बांधलेल्या बैलासारखी. ऐकायचे तर बसून ऐका आणि उठताना कान मोकळे करा. बिनवायरची बोंडे मात्र कानातच विसरतात. ती घेऊन पोरगा सायकलवर बसतो, बांधावर जातो, पहाटे मोहफुले वेचणाऱ्या आईच्या मागे रानात शिरतो.

आणि आपले रान म्हणजे पुण्याची टेकडी नव्हे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पण वाघ उद्यानाची हद्द पाळत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या दुर्घटनेचा इअरबडशी संबंध जोडू नये. सांगायचे एवढेच, की वाघ दिसण्याआधी त्याची बातमी बहुधा कानाने येते: वानराचे खेकसणे, चितळाची तीक्ष्ण हाक, सांबराची भारदस्त हाक. दरवेळी ही खूण मिळतेच असे नाही. पण मिळाली तर ती ऐकू यायला हवी. ज्या घरांत रात्री शेतावर जागलीला जायची रीत आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, वायरचे इअरफोनही रानात नेता येतात. येतात. म्हणून घरातला नियम वस्तूपेक्षा जागेचा असावा. आवाजाची मर्यादा तर दोन्हींना सारखीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो. ९० डेसिबलला मात्र ४ तासच.

एसटीच्या लांब प्रवासात, स्वयंपाक करताना इअरबड्स खुशाल वापरावेत. पण घरात कोणी गाणे शिकत असेल, तर पहिले पैसे वायरच्या हेडफोनवर खर्चावेत. आणि उंबरठा ओलांडून रानाची वाट धरताना दोन्ही घरीच ठेवून जावे. मोहफुले वेचून परत आल्यावर गाणे तिथेच असते.