विश्वविजय, पण आठवणीविना

इंग्लंडने २००३ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाला २०-१७ असे हरवून रग्बीचा विश्वचषक जिंकला. त्या संघातील हूकर स्टीव्ह थॉम्पसन यांना मात्र तो विजय आठवत नाही. अवघ्या ४२व्या वर्षी, २०२० मध्ये, त्यांनी आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. हूकर म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीतला मधला गडी. दोन्ही संघांच्या रेट्याचा भार त्याच्या मानेवर. १९९५ मध्ये हा खेळ व्यावसायिक झाला आणि टकरींचा जोरही वाढला.

शुद्ध हरपली तरच मेंदूला इजा होते, हा समज चुकीचा आहे. वर्षानुवर्षे बसणाऱ्या लहान हादऱ्यांनीही मेंदूत टाऊ प्रथिन साचू शकते आणि पेशी निकामी होतात. या विकाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. म्हणूनच प्रतिबंध महत्त्वाचा. अव्वल सामन्यांत २०२४ पासून धक्के मोजणारे माउथगार्ड आले, हे स्वागतार्हच. पण मोजणे म्हणजे टाळणे नव्हे. सरावातील टकरींवर मर्यादा हवी आणि जखमी खेळाडूने मैदानात कधी परतायचे, हे प्रशिक्षकाने नव्हे तर डॉक्टरांनी ठरवायला हवे. चषक कपाटात राहतोच. तो जिंकल्याची आठवणही खेळाडूपाशी राहायला हवी.