सुईण कुठे थांबते?

साईसच्चरितात जामनेरची कथा येते. नानासाहेब चांदोरकर तिथे मामलेदार होते, मुलगी मैनाताई बाळंतपणात अडली होती आणि साईबाबांनी शिर्डीहून रामगीरबुवांच्या हाती उदी पाठवली. भाविकांसाठी कथेचा गाभा उदी हाच आहे, आणि त्याला धक्का लावण्याचं काही कारण नाही. पण कथेत प्रवासालाही तेवढंच स्थान आहे. बुवांकडे दोनच रुपये, जळगावपर्यंत रेल्वे आणि पुढे अपरात्री जामनेरला न्यायला वाहन कुठलं, ही चिंता. टांगा मिळाला, त्यालाच लोक बाबांची लीला मानतात. अडलेल्या बाईचा जीव मदत वेळेवर पोचण्यावर अवलंबून असतो, हे त्या काळीही सर्वांना कळत होतं. घरी बाळंतपण करावं का आणि त्यासाठी सुईण कशी पारखावी, असं आज कुणी विचारलं तर उत्तराची सुरुवात इथूनच करावी लागेल. सुईणीचा हात किती हलका आहे हे जरूर पाहावं. पण ती कोणत्या क्षणी थांबते आणि पुढे बाळंतिणीला कुणाच्या हवाली करते, हे त्याआधी पाहावं.

'आमच्या आजीची सगळी बाळंतपणं घरीच झाली' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यातली अडचण अशी की ज्या दगावल्या त्यांना नातवंडांना गोष्टी सांगता आल्या नाहीत. महाराष्ट्रात २००१-०३ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ६५ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१९-२१ मध्ये ९५ टक्क्यांजवळ गेलं. सगळं श्रेय दवाखान्याच्या खाटेला देणं चूक ठरेल. रस्ते, १०८ची रुग्णवाहिका, रक्ताची सोय, कमी बाळंतपणं यांचाही त्यात वाटा आहे. तरी वार पडल्यावर होणारा रक्तस्राव कुठलीही पूर्वसूचना न देता धडधाकट बाईलाही गाठतो आणि काही तासांत जीव घेऊ शकतो. तिथे अनुभवी हातालाही औषध, रक्त आणि शस्त्रक्रिया यांची जोड लागते.

मग सुईण हवीच कशाला? कारण दवाखान्याने जीव वाचवले, पण कळांच्या लांबलचक तासांत उशाशी बसणारं माणूस मात्र बऱ्याच ठिकाणी हिरावून घेतलं. २०१९-२१च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली चारांतली एक प्रसूती सिझेरियनने झाल्याचं दिसतं. त्यांतल्या अनेक गरजेच्याच असतील. पण बाळंतिणीला कुणाची तरी अखंड सोबत मिळाली तर सिझेरियनचं प्रमाण घटतं, असं जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. आपल्या शिर्डीच्याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. स्वच्छ बाळंतपण कसं करायचं हे त्या शिकल्या; त्याचबरोबर धोक्याचं बाळंतपण ओळखून वेळीच दवाखान्यात धाडायलाही शिकल्या. पाठीशी जामखेडचं रुग्णालय होतं, म्हणून गावातल्या त्यांच्या कामाला बळ होतं.

'इंग्लंडमध्ये घरी बाळंतपण चालतं, मग इथे का नाही?' हा आक्षेप वजनदार आहे. तिथल्या ६४ हजारांहून अधिक कमी जोखमीच्या प्रसूतींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी जादा धोका आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाळांना मात्र धोका वाढलेला दिसला, आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना मध्येच किंवा बाळंतपणानंतर लगेच रुग्णालयात हलवावं लागलं. तेही प्रशिक्षित सुईण आणि सज्ज रुग्णालय एकाच व्यवस्थेत बांधलेले असताना. आपल्याकडे घरच्या बाळंतपणाला अशी बांधणी नाही. म्हणून घरी येऊ म्हणणारीला रोखठोक विचारावं: महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का? जुळं, पायाळू मूल, आधीचं सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, अंगात कमी रक्त अशा वेळी नकार देता का? रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन आणि न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची पिशवी जवळ असते का? कोणत्या रुग्णालयाशी आधी बोलणं झालंय, आणि रात्री दोनला गाडी कोण काढणार? 'तशी वेळच येत नाही' असं जी म्हणेल, तिला नम्रपणे निरोप द्यावा.

या कसोटीवर आज घरी येणारी सुईण क्वचितच उतरेल, आणि शिर्डीच्या राहाता तालुक्यातल्या बाईला मी घरच्या बाळंतपणाचा सल्ला देणार नाही. पण म्हणून प्रश्न संपत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोंदणीकृत परिचारिकेला अठरा महिन्यांचं खास शिक्षण द्यायचं आणि रुग्णालयाच्या आवारातच सुईणींनी चालवलेले कक्ष उभारायचे, अशी ती योजना आहे. सोबत सुईणीची आणि शस्त्रक्रियागृह भिंतीपलीकडे, हे आपल्या परिस्थितीला साजेसं उत्तर आहे. 'जास्त खर्च होईल' म्हणणाऱ्यांनी टाळता येण्याजोग्या सिझेरियनचा खर्चही हिशेबात धरावा. घर की दवाखाना या वादात शक्ती घालवण्यापेक्षा ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत एकच मागणी लावून धरावी: आमच्या ग्रामीण रुग्णालयात अशी शिकलेली सुईण कधी नेमणार?