नातवाची हौस, आजोबांचा खिसा आणि जूनचा दुसरा पंधरवडा

आमच्याकडे तुम्ही बियाणे, खत, फवारणी, पीकविमा यांची चौकशी करायला येता. हल्ली मात्र काही वडीलधारी मंडळी काम झाल्यावरही खुर्ची सोडत नाहीत. मग हळूच विचारतात, ‘साहेब, ते पाण्याचे झुले असतात ना, तिथं किती पैसे लागतात? नातू म्हणते आबाजी, एकदा तरी चला.’ हा काही कृषी विभागाचा विषय नाही. पण पैसा शेतातूनच निघणार आहे, तेव्हा दोन शब्द लिहायला हरकत नसावी.

बरेच शहाणे लोक यावर सांगतात की, ताडोबा आपल्या दारात असताना हैदराबाद-मुंबई कशाला? पोराला वाघ दाखवा. मला हे पटत नाही. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडच्या पोराला वाघ दाखवायचा म्हणजे काय दाखवायचे? दिवस मावळायच्या आत घरी ये, बांधावर एकटा जाऊ नको, गुरांमागे जंगलात शिरू नको, हे ऐकतच तो मोठा झाला आहे. कुणाच्या तरी घरचे माणूस गेल्याचेही त्याला माहीत असते. शिवाय सफारी म्हणजे प्रवेश, जिप्सी, मार्गदर्शक असा सगळा खर्च. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला पोट भरून ओरडायचे असते, वरून खाली पडल्यासारखे करायचे असते आणि तरी धडधाकट घरी यायचे असते. त्याची ही मागणी चैनीची नाही.

आमच्या पिढीने टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात पाहून हट्ट धरला होता. गोराईचा तो पार्क १९८९ साली सुरू झाला. आमच्यातले बहुतेक तिथे कधी पोचले नाहीत आणि २०२२ साली तो बंदही पडला. तुमच्यापैकी कितीतरी आजोबांनी तेव्हा मुलाला ‘पुढच्या वर्षी’ म्हणून सांगितले असेल. नातवाला तेच सांगू नका. पण हिशेब करून जा.

कुठे जायचे? खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ पासून चालू आहे, पण आपल्यासाठी ते राज्याचे दुसरे टोक. जाण्यायेण्याचे भाडेच कंबर मोडेल. स्वस्तात एका दिवसात उरकायचे तर नागपूरच्या पुढे अमरावती रस्त्यावर बाजारगावचे फन अँड फूड व्हिलेज आहे. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे आणि पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट. म्हणून नातवाला घेऊन आजी निघाली तर नागपूरची फेरी अगदीच हलकी पडते. बारा वर्षांवरच्या नातवाचे मात्र पूर्ण तिकीट.

मन भरेल असे ठिकाण म्हणाल तर हैदराबादजवळ रावीर्यालचे वंडरला. २०१६ साली सुरू झाले. बल्लारशाहून सिकंदराबाद रेल्वेने पावणेचारशे किलोमीटरही नाही. रात्री गाडीत बसावे, सकाळी उतरावे, दिवसभर पार्क, रात्री परत. लॉजचा खर्च वाचतो. स्लीपरचे तिकीट तीनशेच्या आत-बाहेर. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारत चंद्रपूर आणि बल्लारशा दोन्हीकडे थांबते, पण तिच्या भाड्यात साध्या गाडीचा जाऊन-येऊन प्रवास होतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून आलेली नाही. तिकीट साठ दिवस आधी काढता येते, ते त्याच दिवशी काढा. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपुरती. तेलंगणात बायांना बस फुकट आहे, पण ती तिथल्या रहिवाशांनाच, आपल्या आजीला नाही. सिरोंचाच्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्यांचा मार्ग गोदावरीचा पूल ओलांडून तिकडूनच जातो.

आता आतल्या गोष्टी. झुल्यावर बसा की नका बसू, आत शिरणाऱ्या प्रत्येकाला तिकीट, आणि ते माणशी हजाराच्या पुढे. कमी दराचे तिकीट वयावर नसून उंचीवर असते, त्यामुळे ताडासारखा वाढलेला नातू आठवीत असला तरी त्याचे पूर्ण पैसे लागतील. साठीच्या वरच्यांना सवलत असते, आधारकार्ड जवळ ठेवा. शनिवार-रविवार आणि सणाला दर चढे, गर्दीही मुलखाची. डबा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा भाकरी-चटणी गाडीतच संपवा. आणि एक गंमत: पाण्याच्या खेळांत सुती कपडा चालत नाही, नायलॉनचाच लागतो. कोरपना-राजुऱ्याच्या कापूस पिकवणाऱ्याला हे ऐकून हसू येईल. पण तिथे कपडे भाड्याने घेण्यापेक्षा नातवाची नायलॉनची चड्डी-बनियन आठवडी बाजारातूनच घेऊन ठेवा.

तुम्हाला रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असेल तर मोठ्या झुल्यांना लांबूनच नमस्कार करा. नातू म्हणेल, ‘तुमी तं नुसते बसूनच राहान.’ बसा की! चपला-पिशव्या सांभाळायला कोणीतरी लागतेच. तुम्हालाच जास्त पाहायचे असेल तर रामोजी फिल्म सिटी बरी, तिथे बशीत बसून हिंडता येते. पण मग ती तुमची सहल झाली, नातवाची नव्हे.

माझ्या हिशेबाने दोघांचे मिळून पाच ते सहा हजार धरा. म्हणजे डीएपीची चार पोती. इथेच खरी अडचण आहे.

जाण्याचा सर्वात चांगला काळ जूनचा दुसरा पंधरवडा. तेलंगणातल्या शाळा साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळे उशिरा, महिनाअखेरीकडे. म्हणजे तिकडची पोरे वर्गात आणि आपली मोकळी. मधल्या वारी गेलात तर रांगेतला वेळ वाचतो. दिवाळीच्या सुटीत धानाची कापणी, मे महिन्यात तेंदूपत्ता, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. घरातला माणूस निघू शकेल असा दुसरा काळ सापडत नाही. पण नेमके तेव्हाच पीककर्ज हाती आलेले असते आणि खिसा भरल्यासारखा वाटतो. त्या पैशाला हात लावू नका. बियाणे उधारीवर घेऊन कर्जाच्या पैशात झुले खेळणारे घर मी पाहिले आहे. त्या उधारीचा दर कृषी केंद्रवाला लावील तो असतो.

म्हणून पैसा हिवाळ्यात बाजूला काढा. कापसाची पहिली विक्री किंवा धानाचे चुकारे आले की हजार-दोन हजार. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते काढता येते, पाचशे रुपयांत. त्यात टाका आणि पासबुक नातवाकडेच द्या. गाडीचे, पार्कचे तिकीट मोबाईलवर तोच काढेल. मात्र अधिकृत संकेतस्थळावरूनच. ‘अर्ध्या किमतीत पास’ म्हणून आलेल्या फोनला ओटीपी सांगू नये.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांना एक विनंती. गावातले चार-पाच आजोबा आणि त्यांची नातवंडे एकत्र निघाली तर सिकंदराबादहून पुढची गाडी वाटून घेता येते. एवढी जुळवाजुळव तुम्ही करून द्या. ग्रामपंचायतीच्या पैशाचा विषय मात्र काढू नका.

आणि आजोबा, तुम्ही तिकडे असताना इकडे सर आली, मुलाचा फोन आला, ‘बाबा, पेरू का?’ तर काय सांगाल? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल चांगली खोलवर गेल्याशिवाय तिफण काढू नको, म्हणून सांगा. दोन दिवसांत तुम्ही घरी पोचताच आहात.