सील बदलून पंप सुधारत नाही

लोटे, महाड, तारापूर अशा रासायनिक वसाहतींत आम्लाचा पंप गळू लागला की ठरलेला उपाय होतो. सील काढायचं, नवं बसवायचं, पंप सुरू करायचा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दोष मात्र बहुतेकदा सीलचा नसतो. ते पंपातलं सर्वांत नाजूक अंग, म्हणून इतरांच्या चुकांची शिक्षा आधी त्यालाच होते.

पहिली चूक खरेदीच्या कागदावर असते. ‘आम्लासाठी पंप’ एवढंच लिहून मागणी जाते आणि ३१६ स्टेनलेस स्टीलचा पंप येतो. महाग आहे म्हणजे टिकेल, हा भरवसा! हायड्रोक्लोरिक आम्लापुढे हे स्टील टिकत नाही. तिथे पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीडीएफ किंवा टेफ्लॉनसारखं अस्तर लागतं. उलट ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल साध्या तापमानाला बिडाचा पंप सांभाळतो, कारण धातूवर लोह सल्फेटचा थर बसतो आणि तोच त्याला राखतो. आम्ल पातळ झालं, तापलं किंवा फार वेगाने वाहू लागलं की थर जातो आणि बीड झिजतं. दुरुस्तीआधी असा पंप थोड्याशा पाण्याने विसळला तर नेमकं हेच होतं. शिवाय उष्णतेने आम्ल अंगावर उडण्याचा धोका वेगळाच.

दुसरी चूक चालवण्याची. पंप गरजेपेक्षा मोठा घ्यायचा आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून प्रवाह जुळवायचा. एपीआय ६१० हे मानक सर्वोच्च कार्यक्षमतेच्या प्रवाहाच्या ७० ते १२० टक्क्यांचा पट्टा पसंत करतं. त्याच्या फार खाली शाफ्टवर आडवा ताण येतो, कंपनं वाढतात आणि सीलच्या घासत्या तोंडांमधून आम्ल वाट काढतं. मॅग्नेटिक ड्राइव्हच्या पंपाला असं सीलच नसतं. पण त्याची बेअरिंगं आतल्या द्रवावरच चालतात. टाकी रिकामी होऊन तो कोरडा फिरला, तर थोड्याच वेळात निकामी होतो. लोड घटताच मोटर बंद करणारी यंत्रणा नसेल, तर तो घेऊ नये.

आम्लाची तीव्रता, तापमान, त्यातले क्लोराइड व घन कण, किमान-कमाल प्रवाह आणि पंप धुण्याची पद्धत डेटाशीटवर आल्याशिवाय परचेसने ऑर्डर काढू नये. आणि एकाच पंपासाठी वर्षात तिसरं सील मागायला कुणी आलं, तर स्टोअरने आधी कारण लेखी मागावं.