चिन्ह बदलण्याचा अधिकार कुणाचा?

मोबाइलच्या पडद्यावरील अ‍ॅपचे चिन्ह, ज्याला आपण सर्रास आयकॉन म्हणतो, ते आता अ‍ॅपला आतूनच बदलता येते. ही बाब वरकरणी केवळ तंत्रज्ञांच्या कक्षेतील वाटते. परंतु चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार करणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय, त्या आम्हां भाषेच्या अध्यापकांना ती भाषाव्यवहाराचीही बाब वाटते.

तांत्रिक भाग थोडक्यात असा. अ‍ॅपल कंपनीने 2017 साली आयओएस 10.3 या आवृत्तीत ही सोय दिली. पर्यायी चिन्हे अ‍ॅपमध्ये आधीच ठेवलेली असावी लागतात आणि चिन्ह बदलले की तशी सूचना वापरणाऱ्यापुढे येते. अँड्रॉइडची रीत निराळी. तेथे अ‍ॅपच्या एकाच प्रवेशद्वाराला अनेक टोपणनावे देतात, प्रत्येकाला वेगळे चिन्ह जोडतात. मग एक टोपणनाव बंद करून दुसरे सुरू केले की चेहरा बदलतो. या बदलाची सूचना यंत्रणा स्वतःहून देत नाही. काही फोनांवर तर मुख्य पडद्यावर ठेवलेले जुने चिन्ह या खटाटोपात नाहीसेही होते. सूचना देणे आणि न देणे, हा फरक लहान दिसतो. आमच्या मते सारा प्रश्न त्यातच आहे.

सोस्यूरने चिन्ह यादृच्छिक असते असे सांगितले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्याच विवेचनाचा दुसरा भाग मात्र अनेकदा विसरला जातो. चिन्ह यादृच्छिक असले, तरी एकदा ते समाजात रूढ झाले की कुणा एका व्यक्तीला ते मनास येईल तसे बदलता येत नाही. 'पाणी' या शब्दाचा मालक कुणी नाही. अ‍ॅपच्या चिन्हाला कायद्याने मालक असतो. पण त्याची ओळख घडते ती ते रोज पाहणाऱ्यांच्या नजरेत.

परभणी-परळी लोहमार्गावरील, नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वदूर माहीत असलेले पोखर्णी घ्या. अशा गावांतून फोन हाताळणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या लेखी अ‍ॅपला नाव नसते; ते 'हिरवे' असते, 'निळे' असते. ज्याला अक्षर सावकाश लागते, त्याच्यासाठी चिन्ह हीच लिपी आहे. ती रातोरात बदलणे म्हणजे त्याला पुन्हा निरक्षर करणे होय.

हे आपल्या लोकशाहीने फार आधी ओळखले होते. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडणूक चिन्हे आली ती न वाचणाऱ्या मतदारासाठीच. परभणी मतदारसंघात 2019 साली धनुष्यबाणावर निवडून आलेले खासदार 2024 साली मशाल घेऊन उभे राहिले. माणूस तोच, चिन्ह नवे. ते मतदारांना नव्याने ओळखीचे करून देणे प्रचाराचा भागच होता. त्याच निवडणुकीत साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि नुसती 'तुतारी' ही दोन चिन्हे एकाच यंत्रावर होती. नुसत्या तुतारीच्या अपक्षाला मिळालेली मते विजयी उमेदवाराच्या आघाडीहून अधिक भरली. त्यांतली किती चुकून पडली याचा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. पण चिन्हांतील साम्याची किंमत काय असू शकते, हे मात्र दिसले.

सणासुदीला चिन्हाला चार पणत्या लावल्या तर बिघडले काय, असे कुणी विचारील. पणत्यांना आमचा विरोध नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून सरकारी योजनांच्या आणि बँकांच्या नावाने बनावट अ‍ॅप धाडून लोकांना लुबाडले जाते, अशा काळात आपण जगतो. खरे अ‍ॅपच वरचेवर चेहरा बदलू लागले, तर ओळखू न येणाऱ्या चेहऱ्यावरही विश्वास ठेवण्याची सवय लोकांना लागते आणि ही सवय ठकांच्या पथ्यावर पडते.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. प्रोटॉन मेलने 2024 साली आपले चिन्ह हवामान, टिपणवही किंवा गणकयंत्र यांसारखे करून घेण्याची मुभा दिली. घरातल्याच कुणाच्या पाळतीखाली असलेल्या स्त्रीला किंवा धाकाखाली काम करणाऱ्या पत्रकाराला असा मुखवटा खरोखर आधार देतो. तंत्र तेच, पण येथे चेहरा बदलतो तो वापरणाऱ्याच्या इच्छेने आणि त्याच्याच रक्षणासाठी.

रूप बदलणे आपल्या परंपरेला परके नाही. पोखर्णीचे दैवतच मुळी ना पुरता नर, ना पुरता सिंह. भागवतातल्या कथेत ते उग्र रूप पाहून देवही जवळ जाण्यास धजावले नाहीत. प्रल्हाद मात्र निर्भयपणे पुढे झाला. रूप त्याच्यासाठी पालटले होते आणि त्याला ते ओळखू आले होते. चिन्हबदलाला लावण्यास याहून सोपी कसोटी आम्हांस सुचत नाही.

म्हणून अ‍ॅप रचणाऱ्यांकडे आमचे मागणे एवढेच आहे: बदल वापरणाऱ्याने निवडलेला असावा, तो झाल्याचे त्याला त्याच्या भाषेत कळवावे, रंग वा आकृती यांपैकी एक तरी खूण कायम राहावी, आणि पैशांच्या व्यवहाराच्या अ‍ॅपने तर स्वतःहून चेहरा बदलूच नये.