एक हुकूम, हजार यंत्रे

शुक्रवार, ८ जुलै २०२२ च्या पहाटे कॅनडातील रॉजर्स या बलाढ्य दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचे दूरध्वनी व इंटरनेट एकाएकी बंद पडले. दुकानांतून डेबिट कार्डाने पैसे घेणे देशभर थांबले, कारण बँकांमधील देवघेव पाहणारी इंटरॅक ही संस्था याच कंपनीच्या जाळ्यावर विसंबून होती. कित्येक ठिकाणी रॉजर्सच्या ग्राहकांना आणीबाणीचा ९११ हा क्रमांकदेखील लागेना. टोरांटोतील ज्या क्रीडागारावर कंपनीने आपले नाव झळकविले आहे, तेथील त्या रात्रीचा संगीताचा जलसाही ऐन वेळी पुढे ढकलावा लागला. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे सव्वीस तास लागले. पुढे कंपनीने ग्राहकांना पाच दिवसांचे शुल्क माफ केले; ज्याला त्या दिवशी रुग्णवाहिका हवी होती त्याने या पाच दिवसांचा हिशेब कसा मांडायचा, हे मात्र कोणी सांगितले नाही.

वादळ झाले नव्हते, की कोणी घातपात केला नव्हता. जाळ्याच्या गाभ्यात सुधारणा करण्याचा सात टप्प्यांचा एक कार्यक्रम हाती घेण्यात आला होता. त्याच्या सहाव्या टप्प्यात कर्मचाऱ्यांनी राउटरवरील एक गाळणी काढून टाकली. संदेश कोणत्या मार्गाने कोठे पोचवावा याची माहिती राउटर एकमेकांना सतत कळवीत असतात. ती बेताने पुढे जावी यासाठी ही गाळणी होती. ती निघताच माहितीचा लोंढा गाभ्यातील राउटरांवर आदळला, त्यांची कुवत संपली आणि ते बंद पडले. चूक माणसांची, हे उघड आहे. परंतु कॅनडाच्या दूरसंचार आयोगाने तज्ज्ञांकडून करविलेल्या चौकशीचा जो गोषवारा २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यातील एक बाब या चुकीपेक्षा अधिक विचार करायला लावणारी आहे. प्रारंभी हा सगळा कार्यक्रम मोठ्या धोक्याचा म्हणून नोंदलेला होता. मात्र आधीचे टप्पे निर्विघ्न पार पडले, म्हणून धोक्याचे मापन करणाऱ्या संगणकीय गणिताने सहाव्या टप्प्याचा धोका ‘कमी’ या सदरात आणून ठेवला. अशा बदलाची आधी प्रयोगशाळेत परीक्षा घ्यावी आणि तो बारकाईने तपासावा असा या धंद्याचा रिवाज आहे. ‘कमी’ हा शेरा पडल्यावर तो रिवाज मागे पडला. पाच वेळा ओढा सुखरूप ओलांडला म्हणून सहाव्या वेळी पाण्याचा अंदाज न घेता पाऊल टाकावे, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. गणिताने ते म्हटले आणि माणसांनी ते मानले.

पुढचा भाग तर विलक्षणच होता. जाळे दुरुस्त करण्याची वाटही त्याच जाळ्यातून जात होती. राउटरांपर्यंत पोचण्याचा निराळा मार्ग ठेवलेला नव्हता. अभियंत्यांचे दूरध्वनीही त्याच कंपनीचे, तेव्हा त्यांना एकमेकांशी बोलणेदेखील दुरापास्त झाले. बिघाडाच्या नोंदी हाती येण्यातच चौदा तास गेले.

ही हकीकत एका परदेशी कंपनीची असली, तरी ती आपल्याकडील प्रत्येक बँकेच्या, कारखान्याच्या व विमा कंपनीच्या संचालकांनी लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. याचे कारण असे, की आता या सर्वांच्या दाराशी जाळ्याचे संपूर्ण स्वयंचलन करून देणारे विक्रेते उभे आहेत. पूर्वी राउटरमध्ये फेरफार करायचा तर तंत्रज्ञ त्या एका यंत्राशी जोडून घेई, हुकूम टंकित करी, परिणाम पाही आणि मग पुढच्या यंत्राकडे वळे. शंभर शाखा असल्या तर शंभर वेळा. आता ॲन्सिबलसारखी साधने तोच हुकूम एका फायलीत लिहून घेतात आणि हजार यंत्रांवर काही मिनिटांत बजावतात. त्याही वरच्या पायरीवर जी साधने आहेत त्यांना ‘ऑर्केस्ट्रेशन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. ‘नाशिकची नवी शाखा मुख्य कार्यालयाशी जोड’ एवढे सांगितले, की राउटर, सुरक्षा-भिंत, संगणक या सर्वांना कोणत्या क्रमाने काय सांगायचे ते ही आज्ञावली ठरविते. शब्द वाद्यवृंदावरून घेतलेला आहे. पण वाद्यवृंदाच्या संचालकाला एक व्हायोलिन बेसूर झालेले तत्क्षणी ऐकू येते. या संचालकाला कान आपण बसवून दिले तरच असतात, आणि कानांचा खर्च निविदेत बहुधा निराळा मांडलेला असतो.

तेव्हा हे सगळे झुगारून द्यावे आणि पुन्हा हाताने टंकित करीत बसावे, असे कोणी सुचवील तर ते भाबडेपणाचे होईल. हाताचे काम सुरक्षित असते, हा समज अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली पेढीने फार मोठी किंमत देऊन खोटा ठरविला आहे. तिच्या आठ संगणकांवर नवी आज्ञावली चढवायची होती; तंत्रज्ञाने ती सातांवर चढविली आणि आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या आठव्या संगणकातील जुनी, विसरलेली आज्ञावली जागी झाली आणि पाऊण तासात पेढीचे ४४ कोटी डॉलर बुडाले. ज्या कामात माणूस कंटाळतो, मोजणी चुकतो, रात्री तीन वाजता पेंगतो, ते यंत्राकडे देण्यात कमीपणा नाही. आठही संगणकांवर एकच आज्ञावली आहे ना, एवढे पाहणारे साधे साधन नाइटपाशी असते तर कदाचित ती पेढी वाचली असती.

परंतु यंत्र ज्या गतीने योग्य हुकूम पसरविते त्याच गतीने चुकीचाही पसरविते. २ जून २०१९ रोजी गूगलच्या जाळ्यात नेमके हेच घडले. देखभालीच्या वेळी एका ठिकाणची कामे तात्पुरती थांबविणाऱ्या स्वयंचलित आज्ञावलीने, मांडणीतील चुकांमुळे व स्वतःतील एका दोषामुळे, अनेक ठिकाणच्या जाळ्याची नियंत्रक कामे एकाच वेळी थांबविली. अमेरिकेच्या मोठ्या भागात यूट्यूब व जीमेल चार तासांहून अधिक काळ रखडले. दोष शोधण्याची साधनेही त्याच तुंबलेल्या जाळ्यातून वाट काढीत होती, म्हणून दुरुस्ती लांबली. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे सुमारे सहा तास नाहीसे झाले. तेथे घातक हुकूम अडविण्यासाठी नेमलेल्या तपासनीस आज्ञावलीतच दोष होता आणि तिने तो हुकूम जाऊ दिला. गूगलने आपली ती स्वयंचलित आज्ञावली तत्काळ बंद केली आणि पुरेसे अडसर बसविल्याखेरीज ती चालू न करण्याचे जाहीर केले. एवढ्या बुद्धिमान कंपनीलाही आधी थांबा, मग दुरुस्त करा, हाच मार्ग धरावा लागला.

थांबवायचे तर काय चालले आहे हे कळणारा माणूस लागतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरी काळजी येथेच आहे. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८३ साली ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात एक छोटेखानी निबंध लिहिला होता. तिचे म्हणणे असे, की स्वयंचलन सोपी कामे माणसाकडून काढून घेते आणि अवघड तेवढी त्याच्यापाशी ठेवते. शिवाय सोपी कामे करता करता जो सराव होतो तोही काढून घेते. त्यामुळे ज्या प्रसंगी माणसाची गरज लागते, त्याच प्रसंगी त्याचा हात बसलेला नसतो. तेव्हा ती कारखान्यांतील व विमानांतील यंत्रांविषयी बोलत होती. आज पुणे, नवी मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील नियंत्रण-कक्षांत रात्रपाळीला बसून परदेशी कंपन्यांची जाळी सांभाळणाऱ्या आपल्या तरुण अभियंत्यांना तिचे म्हणणे तंतोतंत लागू पडते. डिप्लोमा घेऊन आलेला मुलगा पहिली दोन वर्षे याच किरकोळ फेरफारांवर हात साफ करतो. कोणती तार तुटली की कोणता दिवा लाल होतो, कोणता इशारा खरा आणि कोणता नेहमीचा, हे त्याला पुस्तकातून कळत नाही. ती दोन वर्षे आज्ञावलीने गिळली, तर दहा वर्षांनंतर ज्याला हाक मारायची तो वरिष्ठ अभियंता येणार कोठून? ठेका घेणाऱ्या कंपनीला माणसे कमी लागल्याने नफा दिसतो, ठेका देणाऱ्या परदेशी ग्राहकाला खर्च घटल्याचे समाधान लाभते. या मुलाचे न झालेले शिक्षण दोघांच्याही ताळेबंदात नसते.

म्हणून स्वयंचलनाने वाचणारा पैसा संपूर्ण नफ्यात जमा करू नये, असा आग्रह संचालक मंडळांनी धरला पाहिजे. त्यातला काही भाग राउटरांपर्यंत पोचणाऱ्या स्वतंत्र वाटेवर खर्च व्हावा. बदल आधी एका शाखेत, मग दहा शाखांत, आणि तासभर वाट पाहून मग इतरत्र, अशा क्रमाने जावा. गती थोडी कमी झाली तर होऊ द्यावी. नवशिक्यांना महिन्यातून काही दिवस तरी हाताने काम करू द्यावे. आणि रात्रपाळीच्या माणसाला, कोणाची परवानगी न घेता, सगळे थांबविण्याचा अधिकार लेखी द्यावा. आपल्याकडे ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. काम थांबविणाऱ्याला सकाळी जाब विचारला जातो. न थांबविणाऱ्याच्या वाट्याला चौकशी समिती येते आणि ती सहसा यंत्राला दोष देऊन मोकळी होते.

निर्णयाला उशीर झाला तर काय होते हे मुंबईने पाहिले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी थांबले. दोन पुरवठादारांच्या निरनिराळ्या तारा घेऊन खबरदारी घेतलेली होती. दोघांच्याही तारा अडखळल्या आणि जोखीम मोजणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. चेन्नईला पर्यायी केंद्र होते, परंतु काम तिकडे हलविण्यात आले नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते पावणेचार वाजता. तोवर मुंबई शेअर बाजार चालूच होता आणि अनेक दलालांनी ग्राहकांचे अडकलेले सौदे तेथे मिळेल त्या भावाने मिटविले होते. त्यानंतर पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारांना बजावले, की महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासाच्या आत ती आपत्ती म्हणून घोषित करा. यंत्रे अनेक होती. ‘आता हलवा’ असे म्हणणारा माणूस वेळेवर बोलावा यासाठी घड्याळ लावावे लागले.

रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या निर्देशांनुसार बँकांनी महत्त्वाच्या यंत्रणांसाठी आपत्तीची रंगीत तालीम निदान सहा महिन्यांतून एकदा करायची आहे. या तालमीत सामान्यतः मुख्य केंद्र बंद पडले असे गृहीत धरून काम पर्यायी केंद्राकडे वळवितात. आमची सूचना एवढीच, की वर्षातील एका तालमीत जाळ्याचे सूत्रसंचालन करणारी आज्ञावलीच बंद ठेवावी, अभियंत्यांचे नेहमीचे दूरध्वनी काढून घ्यावेत आणि पाच शाखा हाताने पुन्हा जोडून दाखवा असे सांगावे. किती वेळ लागला तो आकडा संचालकांच्या सभेपुढे ठेवावा. ज्या बँकेत हे काम करू शकणारी माणसेच उरलेली नाहीत असे आढळेल, तिला पुढच्या स्वयंचलनाची परवानगी देण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेने ती माणसे आधी नेमायला लावावीत.