चौथा आलेला नेव्हिल

परवा एक पालक माझ्याकडे आले. वसईतलेच, ओळखीचे. चिरंजीव माझ्या वर्गात. "सर, तुम्हीच सांगा त्याला," ते म्हणाले. "पावसाळाभर मैदानात चिखल तुडवीत असतो. फुटबॉलने कोणाचे भले झाले आहे?"

चहा निवाला, पण मला काही उत्तर सुचेना. ते उठून गेले आणि मग आठवला तो नेव्हिल डिसूझा. सुचायचे ते पाहुणा जिन्याखाली गेल्यावरच सुचते!

नेव्हिल मूळचा बार्देशातल्या आसगावचा, जन्म १९३२चा. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या संघांतून खेळला. कंपन्यांचे संघ हाच त्या काळी मुंबईच्या फुटबॉलचा कणा. खेळाडूला पगार मिळे तो नोकरीचा. खेळाचे वेड ज्याचे त्याने सांभाळायचे.

१९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्या संघाचा १०-१ असा धुव्वा उडविला होता. चार वर्षांनी सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली तयार झालेला संघ मेलबर्नला गेला. मेलबर्न हे लंबगोल चेंडूच्या, हातपाय दोन्ही चालविणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे माहेरघर. आपला गोल चेंडूचा खेळ तिथे पाहुणाच. त्या पाहुण्या खेळात १ डिसेंबर १९५६ रोजी आपली गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशीच पडली. आपण ४-२ने जिंकलो आणि त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिलचे! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई संघही आपलाच. त्याचा गोवा मात्र अजून पोर्तुगीजांच्या हाती होता. तो मुक्त व्हायला पाच वर्षे अवकाश होता.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल नेव्हिलचाच. पण त्यांनी चार चढविले. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाकडूनही हार झाली, ३-०ने. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत चार गोलांनिशी नेव्हिल होता, पण संघ चौथा आला. आणि चौथ्याला पदक नसते.

आम्हा मध्यमवर्गीयांचा हिशेब इथेच चुकतो. पोरगा पहिला आला तर पेढे, चौथा आला तर "बरं, पुढच्या वेळी बघू." नेव्हिल १९८० साली गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या नावाचे पेढे किती घरांत वाटले गेले असतील?

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी त्या मुलाला थांबविले. "नेव्हिल डिसूझा ठाऊक आहे?" तो गोंधळला. "कुठल्या वर्गात आहे, सर?"

हसू आले आणि लाजही वाटली. ज्या खेळासाठी पोरगा बोलणी खातो, त्यातला आपला मोठा माणूस ना त्याला ठाऊक, ना त्याच्या वडिलांना. आणि मीही वर्गात कधी सांगितला नव्हता.

संध्याकाळी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. फुटबॉलने भले होते, असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. नेव्हिलची हकीकत तेवढी सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग आतल्या खोलीकडे पाहून म्हणाले, "अरे, रविवारी किती वाजता असतो तुझा सामना?"